तेरावी रास

“पत्रिकेची का मोबाईलची?” सुई हातात घेण्याआधी गोंदणारे काका प्रत्येकाला एवढंच विचारत.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात त्यांचं टॅटूचं दुकान खाली होतं आणि वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग. कॉलेज करता करता मी तिथे लहान मुलांना शिकवत असे. रास गोंदवायला येणारी पोरं मोबाईलवर बघून सिंह सांगत आणि घरच्या पत्रिकेत निघे कर्क. मग ते म्हणत, “मायले फोन लाव.” फोन स्पीकरवर असे. कोण पायाळू जन्मला, कोण दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच झाली, सगळं जिन्यात ऐकू येई. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही पायरीवर थांबला असता.

शाई फक्त काळी. लाल रंग विटतो, मग तू मलाच शोधत येशील, असं ते रंगीत मागणाऱ्याला सांगत. विंचवाची नांगी आत वळवून काढत. बाहेर काढली तर आधी घरच्यांनाच लागते म्हणे. तूळ राशीची पारडी त्यांनी कधी सारखी काढली नाहीत. एकाने तक्रार केली, तर म्हणाले, “इतवारीच्या बाजारात फिरून ये. एका तरी दुकानात सारखी दाखव मले.”

पदवीचा निकाल लागला तेव्हा मलाही मनगटावर रास हवीशी वाटली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. मिथुन, असं सांगितलं आणि नेहमीचा प्रश्न आला. पत्रिका नव्हतीच. एक जून ही तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. त्या तारखेच्या आधारानेच मी शिकले, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अंगावर कायमची गोंदवताना ती खोटी वाटू लागली. आणि आईला अक्षरओळख नाही. तिला चारचौघांत विचारायची लाज वाटत होती.

“काहून लाजून राहिली वं? लाव फोन.”

उमरेडहून आईचा आवाज आला. “तारीख काय मालूम बाई मले. करवतकाठाचं लुगडं मागावर होतं. काठ अर्धा झाला अन् तू आली.”

त्यांनी सुई खाली ठेवली. आईसारखेच त्यांचे वडीलही विणकर होते, हे मला तेव्हा कळलं. फोन स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी आईला त्या करवतीसारख्या काठाचा दाता केवढा होता, टोक किती उंच, असं बरंच विचारलं. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्या मनगटावर बारीक काळ्या ठिपक्यांनी त्यांनी करवतीचे सात दाते गोंदले. आठवा अर्धाच सोडला.

“ही तेरावी रास. बाकीचं तुझी माय समोर बसली की करू. तिचा काठ हाय, मी कसा पुरा करू?”

पुढे माझी तिथली शिकवणी सुटली आणि आईला नागपूरला आणणं माझ्याकडून राहत गेलं. शेवटी आणलं तेव्हा दुकानाला कुलूप होतं. महिनाभरापूर्वीच ते वारले, असं शेजारच्या शिंप्याने सांगितलं. शटरवर त्यांनी काढलेल्या बारा काळ्या राशी तेवढ्या होत्या.

दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घेऊ का, असं मी आईला विचारलं. तिने माझं मनगट धरलं, एकेका दात्यावरून बोट फिरवत नेलं आणि अर्ध्यापाशी थांबली.

“राहू दे वं. तू आली तवा एवढंच झालं होतं.”