आठ निळ्या फरश्या

माझ्या नातीचं लग्न आठ निळ्या फरश्यांमुळं ठरलं. पोरगा निर्व्यसनी आहे, घराणं चांगलं आहे, ही कारणं लोकांना सांगायची. खरं कारण त्या आठ फरश्या, अन् त्यात चूक सगळी माझी.

मी चवथीपर्यंत शिकलो. म्हणजे चवथीत बसलो. उठलो तेव्हा मास्तरच म्हणाले, आता घरी जा. पण पुढं चाळीस वर्षं मी अमरावतीच्या बाजारात भाजीचे वाटे लावून बसलो. इथं चार वांगी, तिथं मूठभर मिरच्या, असे लहान लहान ढीग. समोरचं गिऱ्हाईक कोणता वाटा उचलणार, हे मी त्याच्या चपलेवरून सांगायचो. (एकदाच चुकलो. तो माणूस मेव्हण्याची चप्पल घालून आला होता.)

तर माझी नात वैशू एक दिवस चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आबाजी, अकोल्याचा एक पोरगा आहे. अंकुश नाव. मले पसंत आहे."

"काय करते?"

"खेळ बनवते."

"खेळ त लहान लेकरं बी बनवते. पोटासाठी काय करते?"

"तेच. पाटावर मांडून खेळाचा खेळ. त्याच्या बाबाचं फरशीचं दुकान आहे. तिथल्या तुकड्यांवरून सुचला त्याले."

"म्हणजे बाप फरशी विकते अन् पोरगा तिचे तुकडे करते."

सूनबाई हसल्या. वैशू हसली नाही. त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

"बरं," मी म्हणालो, "खेळ घरी आणजो. माल पाहून शेतकरी कळते, खेळ पाहून पोट्टा कळन."

दुसऱ्याच दिवशी तिनं खोका आणला. आत बर्फीएवढ्या रंगीत फरश्या. मी दोनदा खोका उलटा करून पाहिला.

"याच्यात राजा कुठी आहे?"

"राजा नाई."

"साप?"

"नाई."

"मंग मारायचं कोणाले?"

"कोणालेच नाई आबाजी. रंग जुळवाचे."

मारायचं कोणालाच नाही, असा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. पण वैशूनं सांगितलं ते असं. मधे पाच बशा. प्रत्येक बशीत चार फरश्या, वेगवेगळ्या रंगांच्या. आपली पाळी आली की एका बशीतला एक रंग उचलायचा, पण त्या रंगाच्या सगळ्या उचलायच्या. उरलेल्या मधे सरकवायच्या. मधल्या ढिगातूनही तसंच, एक रंग, सगळाच्या सगळा. उचललेल्या आपल्या पाटावरच्या ओळीत लावायच्या. ओळ भरली की गुण. जास्तीच्या झाल्या तर त्या खाली कचऱ्यात पडतात, अन् कचऱ्यातल्या प्रत्येक फरशीमागं दोन गुण कटतात. पाळी सोडता येत नाही. काहीतरी उचलावंच लागतं.

"अवं, हे त माहे वाटेच आहेत," मी म्हणालो.

पहिले दोन डाव मी हरलो. (नात आहे म्हणून हरलो.) तिसऱ्या डावात मला या खेळाचं पोट कळलं. आपण काय उचलतो त्यापेक्षा समोरच्याला काय उचलावं लागेल, हे पाहायचं. मधे एकाच रंगाचा मोठा ढीग साचू द्यायचा अन् तो दुसऱ्याच्या गळ्यात पडेल असं करायचं. म्हणजे संध्याकाळी बाजार उठताना नरमलेले टमाटे खपवतात तसंच. चौथ्या दिवशी मी वैशूला लागोपाठ पाच डाव हरवलं.

तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसांसमोर मी बोलून गेलो, "अकोल्यात मले कोणी एक डाव हरवलं, त लग्न लावून देतो. नाई हरवलं, त पोट्ट्यानं हा खेळ बंद करावा, दोन वर्षं बापाच्या दुकानात बसावं, मंग पाहू."

आमच्या गल्लीत माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. (निदान मी तसं सांगत आलो आहे.) वैशूच्या कानावर गेलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. उलट अकोल्याला जायच्या दिवसापर्यंत रोज मला सराव दिला. मला वाटलं, केवढी प्रामाणिक पोरगी. आपल्याच विरुद्ध आजोबाला तयार करून राहिली. अगदी माझ्यावर गेली.

अकोल्याला आम्ही बारा वाजता पोचलो. अंकुश उंच, हडकुळा, वाकून पाया पडला. त्याची आजी कौसल्याबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. जाड भिंगाचा चष्मा, आवाज कापसासारखा मऊ. जेवायला पाटवडीचा रस्सा, भाकरी अन् शिरा.

आता इथं एक गोष्ट सांगतो. पाहुण्यानं जेवताना कसं वागावं याचे आमच्या घरी बापजाद्यांपासून नियम आहेत. वाढणारा "घ्या" म्हणाला की तीनदा नाही म्हणायचं. पहिल्यांदा मान्य केलं तर अधाशी. पण चौथ्यांदा ताट पुढं करायचंच, नाहीतर घरच्या लक्ष्मीचा अपमान. मी आयुष्यात हा नियम मोडला नाही. कौसल्याबाईंनी शिरा चारदा विचारला. मी तीनदा ताटावर हात आडवा धरला अन् चौथ्यांदा काढला. भिंगामागून त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मी समजलो, माझी रीतभात आवडली.

जेवण आटोपलं, पाट मांडला. मी बाह्या सारल्या. अंकुश म्हणाला, "आबाजी, खेळ मीच बनवला. मी खेळलो त बरोबर दिसत नाई. आजी खेळन तुमच्यासंग."

मी वैशूकडं पाहून डोळा मिचकावला. मनातल्या मनात पोराला दुकानात बसवूनही टाकलं.

कौसल्याबाई फरशी उचलायच्या अन् चष्म्याजवळ नेऊन रंग पाहायच्या. "हा हिरवा हाये का निळा, बावा?" असं अंकुशला विचारायच्या. मला दया येऊ लागली. शेवटच्या फेरीपर्यंत मी सात गुणांनी पुढं होतो. मधे उरल्या होत्या आठ निळ्या अन् एक लाल. पाळी माझी. माझ्या पाटावर लाल फरशीला एक घर मोकळं, निळ्यांना फक्त दोन. लाल उचलली की खेळ खलास, अन् आठ निळ्या म्हातारीच्या गळ्यात. मी लाल फरशीकडं हात नेला.

"अजी, हे काय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "इतक्या दुरून आले अन् एकच उचलता? निळ्या घ्या नं."

"नाई नाई," मी म्हणालो. "मले एवढीच बस."

"असं कसं जी. आठ आहेत. तुमच्यासाठीच राहू देल्या."

"नको बाई, खरंच नको."

"घ्या म्हणतो. लाजू नका. घर आपलंच समजा."

"पोट भरलं," मी म्हणालो. (खेळात पोट कुठून आलं, हे मला अजून कळलेलं नाही.)

वैशू छताचा पंखा पाहत होती. कौसल्याबाईंनी दोन्ही हातांनी त्या आठ निळ्या फरश्या माझ्याकडं सरकवल्या अन् शिरा वाढतानाच्या आवाजात म्हणाल्या, "माह्यासाठी घ्या."

चौथ्यांदा.

माझा हात माझा राहिला नाही. पन्नास-साठ वर्षांची सवय आहे ती. मी आठही निळ्या उचलल्या. वर "बरं, तुमच्या शब्दाखातर" असंही म्हणालो. दोन जागेवर बसल्या, सहा कचऱ्यात गेल्या. कौसल्याबाईंनी लाल फरशी अलगद उचलली. या वेळी चष्म्याजवळ न्यायची गरज त्यांना पडली नाही.

ओळीचे गुण धरून मी सातानं पुढं होतो, त्यातून बारा गेले. हा हिशोब करायला चवथी लागत नाही.

"हे खेळण्यात धरत नाई," मी म्हणालो. "हे जेवण झालं."

"आबाजी," वैशू म्हणाली, "टपरीवर दहा माणसं होती."

"तुले तीनदाचं कोणी सांगतलं?" मी कौसल्याबाईंनाच विचारलं. रागात अहो-जाहोही विसरलो.

"पोरीनं फोनवर सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "शिरा वाढून मी नुसती खात्री केली."

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाची चप्पल ओळखणारा माणूस मी, अन् माझ्याच घरात आठ दिवस काय शिजत होतं ते मला कळलं नाही.

निघताना अंकुशनं भीतभीत एक कागद पुढं केला. खेळून पाहणाऱ्या प्रत्येकाकडून तो अभिप्राय भरून घेतो. मी बैठक मारून, सावकाश, माझ्या अक्षरात भरला. खेळ समजायला सोपा आहे का? मला आहे. मजा आली का? नाही, हरलो. पुन्हा खेळाल का? आत्ताच. सर्वात वाईट गोष्ट कोणती? समोरची बाई. सुधारणा सुचवा. नाही म्हणायची सोय करावी.

पोरगं खरंच गुणी निघालं. त्यानं कागद दोनदा वाचला, हसला नाही, अन् नवीन खोक्यातल्या नियमांत शेवटी एक ओळ छापली: समोरच्याला आग्रह करू नये. आजवर कुठल्याही छापील कागदावर माझं काही आलं नव्हतं. ती ओळ माझी आहे. नियमांचा तो कागद मी लग्नातही कोटाच्या खिशात घालून गेलो होतो, कोणी विचारलं तर दाखवायला.

पंगतीत कौसल्याबाई जिलेबीचं ताट घेऊन आल्या. मी तीनदा नाही म्हणालो. मग खिशातून कागद काढला, त्यांच्या चष्म्यापुढं धरला अन् बोटानं ती ओळ दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, मान डोलावली अन् म्हणाल्या, "छान लिहिलं जी. आता घ्या."

आठ खाल्ल्या. दोन जागेवर बसल्या. उरलेल्या सहांचे किती गुण कटले, ते डॉक्टर पुढच्या सोमवारी सांगणार आहेत.