जसमाया दिदीची कोरियातली झोप

जसमाया दिदी आणि मी पूर्व नेपाळातल्या फिदिमच्या एकाच शाळेत शिकवतो. मी तिच्याहून लहान, म्हणून ती मला बहिनी म्हणते. ती लिंबू या तिच्या जमातीच्या भाषेत कथा लिहिते. मला ती भाषा येत नाही. माझ्यासाठी ती त्याच कथा नेपाळीत सांगते.

तिचा नवरा मलेशियात कामाला. पहाटे उठून डुकरांचं बघायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायचं, मग शाळा, मग वेलचीचा मळा. लिहिणं व्हायचं ते चुलीवर नाचणीच्या पिठाचा ढिंडो रटरटत असताना.

"मला कुणीतरी वेळ द्या," ती म्हणायची. "कादंबरी डोक्यात तयार आहे, नुसती उतरवायची बाकी आहे."

वेळ मिळाला. कोरियातल्या एका लेखक-निवासाने आशियातल्या चार लेखकांना तीन महिन्यांसाठी बोलावलं, त्यात तिचं नाव आलं. सासूला सांभाळायला धरानहून नणंद आली, पबित्रा.

"जा भाउजू," पबित्रा म्हणाली. "आपल्या घरातलं कुणीतरी परदेशी जातंय, तेही राबायला नाही."

दिदीचे वर्ग माझ्या गळ्यात पडले.

तिकडचं सगळं तिनेच मला सांगितलं. समुद्राकाठचं घर, स्वतंत्र खोली, आयतं जेवण. दिवसभर कुणाची हाक नाही. पहिल्या दिवशी ती टेबलाशी बसली आणि बसल्या बसल्या झोपली. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर जरा आडवी झाली, ती संध्याकाळीच उठली. वाटलं, प्रवासाचा शीण आहे, उतरेल. पण उतरेना. शेजारच्या खोलीत मंगोलियाची ओयुन नावाची लेखिका होती. ती लिहिता लिहिता उठून सूप घेऊन यायची, दिदीच्या कपाळाला हात लावून बघायची. शेवटी डॉक्टर आणला. तो म्हणाला, "आजार नाही. यांना झोपू द्या."

पुढे झोप कमी झाली, तरी लिहिणं काही आलं नाही.

"इतकी वर्षं जी कादंबरी डोक्यात आहे म्हणत होते ना बहिनी, ती उघडून बघितली तर आत काहीच नव्हतं. फार भीती वाटली."

निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकाने तिथे लिहिलेलं काहीतरी वाचायचं होतं. तिथे कामाला असलेला नेपाळातल्या झापाचा एक माणूस दुभाष्या म्हणून आला होता. दिदी उभी राहिली आणि म्हणाली, "मी काही लिहिलं नाही. मी झोपले. लग्न झाल्यापासून अशी झोपले नव्हते."

दुभाष्या घुटमळला. "दिदी, हे असंच सांगू?"

"असंच सांग."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले म्हणे. हे तिने जरा वाढवून सांगितलं असावं.

ती परतल्यावर इकडे शाळेत तिचा सत्कार ठेवला होता. हेडसरांनी गळ्यात खादा, सत्काराचं रेशमी उपरणं, घातला आणि विचारलं, "मग, पुस्तक कधी?"

"पुस्तक नाही सर."

"तरी किती पानं झाली?"

"एकही नाही."

"विनय बघा," सर आम्हाला म्हणाले. "शिका जरा."

घरी पबित्रा वाट बघत होती. तीन महिन्यांत तिचे गाल बसले होते. दिदीने तिलाही खरं तेच सांगितलं.

"झोपलीस?" पबित्रा म्हणाली. "मी इथे रोज आईला उचलत होते, आणि तू माझ्या जिवावर झोपलीस?"

"हो."

पबित्रा आत जाऊन आईची कूस बदलून आली. मग पबित्रा म्हणाली, "चला, एकीची तरी झोप झाली."

दुसऱ्या दिवशी ती धरानला निघणार होती. दिदीने तिची पिशवी काढून घेतली आणि तिला माडीवर पाठवलं. पुढचा आठवडाभर घरातलं सगळं दिदीनेच केलं. कोंबड्या माडीच्या जिन्याकडे फिरकल्या तरी हाकलायची. एकदा मी गेले, तर दारातच म्हणाली, "हळू बोल, पबित्रा झोपलीय."

पबित्रा गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखंच सुरू झालं. सासू हाका मारते, दिदी उठते. अधूनमधून थोडं लिहितेही. परवा मधल्या सुट्टीत मी विचारलं, "कादंबरी आहे का गं आत?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. "घंटा झाली की सांग."