बोलणारं मशीन

फोटोवाला तयार होता, आणि हॉलमधल्या कार्यक्रमात तिने स्टेजवर नुकतंच भेट मिळालेलं मशीन परत पुढे केलं. "नको," म्हणाली.

सोसायटीचे सेक्रेटरी चिडले. "अगं, कॉलेजात नोट्स घ्यायला तुझ्यासाठीच आणलं ना? आता नाही म्हणालीस तर दुसरं मिळणार नाही हां."

ती माझ्या शेजारची मुलगी. जन्मापासून दिसत नाही. आधी 'नाही' म्हणते, मग कारण सांगते. भाजीवाला कितीही ओरडू दे, टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेत नाही. स्टेजवरही तिने तेच केलं.

"आजी, कुळथाची पिठी कशी करता, सांगा," पहिल्या रांगेत बसलेल्या मला ती स्टेजवरून म्हणाली. मी सांगायला लागले, ती मशीनवर लिहायला लागली. लिहिलेलं तपासायला गेली की मशीन मोठ्याने बोलायचं. माझी फोडणी सांगून झाली, ती लसणावरच अडकली.

"बघा काका, हे बोलतं तेव्हा सर ऐकू येत नाहीत. इयरफोन लावला तरी एक कान यालाच. मला ठिपके वर येणारं, बोटांनी वाचायचं मशीन द्या. नाहीतर काहीच नको."

कुणी टाळी वाजवली नाही.  तिने मशीन धरलेला हात मात्र पुढेच ठेवला. शेवटी सेक्रेटरींनी ते घेतलं, बदलून आणतो म्हणाले.

ठिपक्यांचं मशीन परीक्षेनंतर आलं. तोवर ती जुन्या ब्रेल पाटीवर टोचून लिहीत राहिली, आणि पास झाली.

भरल्या हॉलमध्ये नको म्हणून एकटी उभी राहिली, ती आमच्या मजल्यावरची ही पोर.