आधी अर्थ काढायचा

आमच्या घरात चांदीची एकच वस्तू उरली होती, नानांच्या डाव्या हातातलं कडं. आईचे गोठ गेले, जोडवी गेली, माझ्या बारशाचे वाळे गेले. नाना म्हणजे माझे वडील. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाच्या गाठी उचलायचे. हंगाम संपला की काम संपायचं आणि घरातून एखादी वस्तू निघायची. कडं तेवढं निघालं नाही, कारण ते निघतच नव्हतं. गाठी उचलून नानांचा पंजा इतका जाड झाला होता की साबण लावा, गोडेतेल लावा, कडं मनगटापुढे सरकायचं नाही. म्हणून ते वाचलं.

त्याच घरात, कापसाच्या पऱ्हाट्या जळणाऱ्या चुलीशेजारी बसून मी शिकले. जळगावच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी कधी लपवला नाही.

मी पास झाले त्याच वर्षी नानांनी जुनी जीप घेतली. जिनिंग सोडून ते आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले होते, आता स्वतःची गाडी. धरणगाव ते जळगाव सवारी. पण ती जीप सकाळी धक्का मारल्याशिवाय उठायची नाही. मी आणि आई मागून लोटायचो आणि समोरच्या ओट्यावरून शेजारचे आबा ओरडायचे, "जोर लाव वं बी.ए.! पदवी काय जेवाले ठेवी शे का?"

एक दिवस धक्क्यालाही ती उठेना. बॅटरी पार मेली होती. जळगावपेक्षा स्वस्त मिळते म्हणून नाना एस.टी.ने धुळ्याला गेले आणि नवी बारा व्होल्टची बॅटरी मांडीवर घेऊन परत आले. जीप अंगणात बंद, दुकान धुळ्याला, म्हणजे बसवायची ती घरीच. दुकानदाराने दुसऱ्या एका गाडीवर त्यांना सगळं दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली.

"दुकानदारनी बजाईसन सांगं शे, आधी अर्थ काढाना आनि आखरीले अर्थ लावाना. ते तुन्हं काम शे. काढ अर्थ."

मला हसू आलं. दुकानदार भलताच विचारी माणूस दिसतोय, असं वाटलं. काम करण्याआधी नीट समजून घ्या, झाल्यावर पुन्हा एकदा विचार करा, असंच तो म्हणाला असणार. तीन वर्षं मी कॉलेजात दुसरं केलं काय होतं? कवितेचा अर्थ काढा, ओळीचा अर्थ लावा. बॅटरीच्या अंगावर इंग्रजीत सूचना छापलेल्या होत्या. मी त्या मोठ्याने वाचल्या आणि मराठीत सांगितल्या. आत तेजाब आहे, आडवी करू नका, जवळ विडी पेटवू नका.

"झाया अर्थ?" नानांनी विचारलं.

"झाला."

आबा ओट्यावरून म्हणाले, "वाचीसन गाडी चालू व्हती तं मास्तरकडे विमान ऱ्हातं!"

जुनी बॅटरी मेलेलीच होती, ती निमूट निघाली. नवी आत ठेवली. नानांनी काळी तार आधी लावली, ती हाताशी होती. मग डाव्या हाताने लाल तारेची पकड धरली आणि उजव्या हाताने पाना फिरवायला लागले.

कडाड असा आवाज झाला. मला आधी वाटलं, कोणी फटाका टाकला. निळा-पांढरा जाळ दिसला आणि नाना उलटे फेकल्यासारखे मागे आले. पाना कुठे उडाला ते कळलं नाही. मी जागच्या जागी उभी. डोळ्यांसमोर सगळं पांढरं, नाकात भाजल्याचा वास, आणि तो वास माझ्या बापाच्या हाताचा आहे हे कळायला मला वेळ लागला. नाना आपल्या मनगटाकडे बघत होते, जणू ते दुसऱ्याचं आहे. कड्याखालची कातडी पांढरी पडली होती.

"माय वं! हात भाजाई गया!" म्हणत आई घागर घेऊनच धावली. पाणी ओतत राहिलो. पण हात आमच्या डोळ्यांदेखत सुजायला लागला, आणि कडं त्यात रुतायला लागलं. जे कडं साबणाने निघत नव्हतं ते आता कसं निघणार? नानांची बोटं काळपट दिसायला लागली. आबा ओट्यावरून उतरून आले होते. त्यांनी हात बघितला. मग हळूच म्हणाले, "कडं कापनं पडी. जळगावले न्या. नहीतं हात जाई."

एस.टी.ला अजून बराच वेळ होता. गाडी होती ती अंगणात, अर्धवट.

"नाना, दुकानदाराने नेमकं काय दाखवलं होतं?"

"सांगं ना तुले," नाना दात आवळून म्हणाले. "ह्या काया तारवर बोट ठेवीसन म्हने, आधी अर्थ काढा."

काळ्या तारेवर बोट ठेवून!

अर्थ म्हणजे अर्थ नव्हताच. अर्थ म्हणजे अर्थिंग. शाळेत विजेच्या धड्यात शिकलेलं, मेकॅनिक लोकांच्या तोंडचं. ती काळी तार जीपच्या पत्र्याला जोडलेली असते. ती लावली की अख्खी जीप बॅटरीचं एक टोक होते. नानांचं कडं एकीकडे लाल तारेला टेकलं आणि दुसरीकडे पत्र्याला. म्हणून काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. दुकानदाराने अगदी बरोबर सांगितलं होतं. आणि तो शब्द आमच्या घरात शिरताना मराठीचा होऊन शिरला होता.

पाना केळीच्या बुंध्याशी सापडला. माझ्या हातून तो दोनदा निसटला. हातातली लोखंडी बांगडी मी आधी काढली. मग काळी तार सोडवली, लाल घट्ट केली आणि शेवटी काळी लावायला घेतली. आईने डोळे मिटून घेतले होते. एक बारीकशी ठिणगी झाली, मी किंचाळले, पण पाना सोडला नाही. नाना म्हणाले, "तेवढी ठिनगी व्हसच. आवळ."

जीप पहिल्या झटक्याला उठली. धक्क्याशिवाय ती उठलेली मी त्या दिवशी प्रथम ऐकली.

पण चालवणार कोण? आबांना बैलगाडीपलीकडे काही येत नव्हतं. नानाच बसले. स्टिअरिंग उजव्या हातात, डावा हात ओल्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. गिअर माझ्याकडे. ते क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "दुसरा." मी दांडा ओढायचे. "तिसरा. अगं तिसरा, तो रिव्हर्स शे!" आई मागच्या बाकावर देवाला नाही, जीपला हात जोडून बसली होती. जळगाव येईपर्यंत मी रस्ता बघितलाच नाही. मी फक्त लुगड्यातून बाहेर आलेली ती बोटं बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी कडं कापलं. दोन तुकडे ताटलीत पडले. मग ते म्हणाले, "बोटं हलवा." नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. करंगळी हलली. मग बाकीची.

मनगटावर कड्याएवढा डाग कायम राहिला, पण हात वाचला. नाना त्याच हाताने पुढे बरीच वर्षं जीप चालवत राहिले, आणि त्या जीपची बॅटरी मी बसवलेली होती.