कनेक्शन तुटलेलं, तरी मी ‘चालू होतं’ म्हणालो

मंडळी, आज सकाळी मी एका माणसाला चारचौघांत खोटं पाडलं.

शिरूरजवळच्या दूध केंद्रात थंड टाकीतलं दूध कोमट व्हायला लागलं, की राखणदार रफिकमामांच्या मोबाइलवर अलार्म वाजतो. तो प्रोग्राम माझा. काल रात्री दूध नासलं.

“अलार्म वाजलाच न्हाई, साहेब,” मामा म्हणाले.

“टाकीचं तुमच्या मोबाइलशी कनेक्शन रात्रभर चालू होतं. तुम्हालाच झोप लागली असेल,” मी स्क्रीन दाखवत म्हणालो. दूध घालायला आलेले लोक हसले. केंद्राच्या चेअरमननी मामांना कामावरून काढलं.

दुपारी कोड तपासला. मी वापरलेल्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचं, फंक्शन कनेक्शन जुळलं नाही तर कधी ‘फॉल्स’ म्हणजे ‘नाही’ असं परत देतं, कधी एररचा नंबर. मी फक्त ‘फॉल्स’ तपासलं होतं. रात्री नंबर आला आणि माझ्या प्रोग्रामने कनेक्शन चालू आहे असं धरलं.

लायब्ररीला नावं ठेवता येतील. पण मामांना झोपाळू मी ठरवलं.

चेअरमनना सांगून मामांचं काम परत मिळवून दिलं, मग मामांना फोन करून माफी मागितली.

“फोनवर व्हय? तवा तर समदे हुते की.”

उद्या दूध घालायच्या वेळीच जातोय. तुम्ही असता तर सगळ्यांसमोर पहिलं वाक्य काय बोलला असता?