अर्धा मार्क

शास्त्रीबुवा तपासलेला पेपर दोन बोटांत धरून परत देत, जणू त्याला शेण लागलंय, आणि म्हणत, "उत्तर अर्धवट. अर्धा कापला." असा एखादा मास्तर तुम्हीही भोगला असेल.

कोपरगावच्या आमच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवत. संस्कृत घ्यायचं की फारसी, हे इंग्रजी चौथीत ठरवावं लागे, आणि बुवांच्या धाकानं भिक्षुकांची पोरंसुद्धा फारसीकडे पळत. मीही पळणार होतो, पण वडिलांनी कान धरून संस्कृतात बसवलं आणि मॅट्रिकपर्यंत माझा अर्धा-अर्धा मार्क कापला गेला. पुढं त्याच शाळेत मी गणिताचा मास्तर झालो, तरी बुवा समोर आले की माझा हात आपोआप सदऱ्याची बटणं चाचपायचा.

लढाईच्या दिवसांत खात्याचा हुकूम आला. मॅट्रिक पास नसलेल्या शिक्षकानं येत्या जूनपासून वरच्या वर्गांना शिकवायचं नाही. हेडमास्तरांनी तो वाचून दाखवला आणि बुवांकडे बघायचं टाळलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुवा पाठशाळेत शिकलेले. ज्यानं आम्हा सगळ्यांना मॅट्रिक केलं, तो माणूसच बिनमॅट्रिक. मी हबकलोच. सगळं घर त्यांच्या पगारावर चाललेलं.

"मग बसू की परीक्षेला," बुवा म्हणाले आणि तपकीर ओढली.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मागच्या बाकावर लाल पगडी. माझ्या हातातला खडूच पडला. बुवा उठून उभे राहिले. "सर, आत येऊ का, असं विचारायचं राहिलं." मला सर म्हणाले हो! त्या तासाला मी काय शिकवलं, देव जाणे.

त्यांच्या शेजारी गोदाकाठच्या वाडीवरचा एक मिशी फुटलेला पोरगा बसे. तो कुजबुजायचा, "बुवा, आसं न्हाई. आदी कंस सोडवायचा, मंग बेरीज." बुवा मुकाट खोडत. इंग्रजी घरी त्यांची मुलगी घेई. प्रिलिमला बुवा गणितात पास झाले. आपल्या हातून वशिला तर नाही ना झाला, म्हणून मी तो पेपर पुन्हा तपासला. पास म्हणजे पास. संस्कृताची काळजी कुणालाच नव्हती.

परीक्षेला मी सगळ्यांना घेऊन नगरच्या केंद्रावर गेलो. गणित देऊन बुवा हसत बाहेर आले आणि माझा जीव भांड्यात पडला. शेवटचा पेपर संस्कृताचा. घंटा झाली, पोरं बाहेर आली आणि सर्वांच्या मागून बुवा, बोटं शाईनं माखलेली, चेहरा प्रसन्न.

"कसा गेला?"

"पहिल्या प्रश्नातला श्लोक मनासारखा उतरला. अन्वय, अलंकार, टीकाकारांचे मतभेद, काही म्हणून बाकी ठेवलं नाही."

"आणि पुढचे प्रश्न?"

"तिथवर पोचलो कुठं? घंटा झाली ना."

साऱ्या पोरांदेखत मी त्यांच्यावर ओरडलो. "बुवा, प्रत्येकाला दोन-दोन ओळी लिहून पुढं जायचं होतं! नोकरी जाईल तुमची!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनाही धक्का बसला होता, पण माझ्या बोलण्याचा.

"अर्धवट लिहून?" एवढंच म्हणाले.

निकाल लागला. इंग्रजीत पास, गणितात पास, संस्कृतात नापास. शाळेत कुणाला खरंच वाटेना. हेडमास्तरांनी खात्याकडे रदबदली करून पाहिली, पण कुणी दाद दिली नाही. जूनमध्ये दुसरे मास्तर रुजू झाले. मला अजूनही संताप येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

बुवा शाळेत शेवटचे आले, त्या दिवशी मी म्हटलं, "पेपर पुन्हा तपासायला अर्ज करू या."

"कशाला? नीट तपासलाय." त्यांनी गुणपत्रिका दोन्ही हातांत धरून मला दाखवली. संस्कृतापुढं वीस लिहिले होते.

"पहिला प्रश्न विसाचाच होता," बुवा म्हणाले. "बघ, अर्धासुद्धा कापला नाही."

मग उपरणं सावरून ते नदीकडच्या वाटेला लागले. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.