एक गोलकीपर उसनी

काटेकाकांचा काटा म्हणजे वजनकाटा. गोदामांच्या रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे लोखंडी फळ्यांचा एक लांबलचक पाट जमिनीत बसवलेला आहे आणि त्याच्या बाजूला काकांची केबिन. ट्रक आधी रिकामा येऊन पाटावर उभा राहतो, मग माल भरून पुन्हा येतो. दोन्ही वजनं काका चिठ्ठीवर लिहितात, शिवाय गाडीचा नंबर, तारीख, तास आणि मिनिट. सत्तावीस वर्षं हेच काम. एखादा ड्रायव्हर कुरकुरतो, "मिनिटं कशाला लिहिता काका, पाच-दहा इकडचं तिकडे." काका मान वर न करता म्हणतात, "माणूस विसरतो. चिठ्ठी विसरत नाही." ड्रायव्हर लोक मागे हसतात, पण भांडण झालं की धावत येऊन तीच चिठ्ठी मागतात.

असा हा माणूस जन्मातली सगळ्यात मोठी चूक करून बसला, तीही चिठ्ठीवरच.

काट्यावरून सुटले की काका पुलाकडच्या हॉकी मंडळात जात. पदाने चिटणीस, कामाने हमाल. पाण्याच्या टाकीमागे मंडळाची पत्र्याची खोली आहे. आत भिंतीला एकोणीस खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एका पोराची स्टिक आणि वर खडूने लिहिलेलं टोपणनाव. कोपऱ्यात गोलकीपरचे पॅड वाळत पडलेले असत आणि त्यांचा वास असा, की पाहुणा दारातूनच परत फिरावा. काकांना तो वास येतच नसे. मैदान मुरमाचं. सामन्याच्या दिवशी सकाळी काका स्वतः फक्कीचा डबा घेऊन रेघा आखत, आणि वजनाचा माणूस असल्यामुळे त्या दोरीत मारल्यासारख्या सरळ येत. चौदा वर्षांखालचा संघ हे त्यांचं खरं दुखणं आणि खरं सुख. मुलं-मुली एकत्र खेळत. काकांची नात गोलकीपर होती. सगळे तिला भिंत म्हणत आणि तीही त्याच नावाला ओ देई.

आता त्या चिठ्ठीचं. गावात तीन मंडळं होती, पुलाकडचं, टेकडीवरचं आणि बाजारातलं. एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत इतकं वैर. एकदा टेकडीवाल्यांनी पंचालाच कपडे बदलायच्या खोलीत कोंडून घातलं होतं आणि अजून ते म्हणतात, कडी आपोआप लागली. पण एक गोष्ट कुणी कधी नाकारली नाही. कुणाचा खेळाडू आजारी पडला, एक पोर कमी पडलं, तर दुसऱ्या मंडळाकडे माणूस धाडायचा आणि पोर उसनं आणायचं. हो, उसनं. हाच शब्द होता. देणारा चिठ्ठी द्यायचा: "एक गोलकीपर उसना देत आहोत. सांभाळून घ्यावे." खाली सही. एकदा असाच उसना दिलेला पोरगा आपल्याच मंडळावर गोल मारून आला. त्याच्या आईने आठवडाभर वाढताना पळी आपटली, पण नियम मोडला असं कुणी म्हणालं नाही.

त्या चिठ्ठीवर परतीची तारीख कधीच नसायची. ट्रकच्या चिठ्ठीवर मिनिटं लिहिणारे काका इथे वारसुद्धा लिहीत नसत. सामना संपला की पोर आपल्या पायाने घरी येणार, त्यात लिहायचं काय? तारीख घातली असती तर समोरच्याला वाटलं असतं, हा आपल्याला चोर समजतो.

जुन्या गोदामांच्या जागी एक मोठी शाळा झाली, तेव्हा काकांना आनंदच झाला. शाळेने निळं टर्फ घातलं, त्यावर पाणी मारायचे फवारे बसवले, भोवती उंच जाळी आणि जाळीला एकच फाटक. मग एक दिवस शाळेचे हॉकीचे सर काट्यावर आले. केबिनमध्ये शिरताना पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले. बोलणं इतकं मऊ, की काकांना स्वतःचा आवाज खरखरीत वाटायला लागला.

"काका, आमचा संघ नवा आहे. शनिवारी मित्रत्वाचा सामना ठेवलाय आणि पुढच्या फळीत एक मुलगा कमी पडतोय. तुमचा तो भोवरा मिळेल का? इथे उसना देण्याची पद्धत आहे असं ऐकलं."

काकांची छाती दोन इंच फुगली. आपली पद्धत एवढ्या मोठ्या शाळेपर्यंत पोचली. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. सरांनी ती खिशात कोंबली नाही, एका पारदर्शक पाकिटात सरळ घातली. काकांना ते फार आवडलं. कागदाची कदर असलेला माणूस, असं त्यांनी घरी सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी भोवरा परत आला, पायात नवे शिनपॅड. पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. काका चिठ्ठी लिहायला बसले, तर सर म्हणाले, "राहू द्या काका. आधीची आहे की. चालेल तीच."

काकू ताट वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "उसनं दिलेलं पातेलं परत येतं तेव्हा झाकण तिकडेच राहतं. पोरं तरी अख्खी येतायत का बघा."

"सर चांगला माणूस आहे."

"चांगलाच असणार. वाईट माणसाला तुम्ही चिठ्ठी दिली असतीत का?"

काका हसले. पण काकूंचं बोलणं खोटं नव्हतं, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं. पोरं येत, पण अख्खी येत नसत. पूर्वी बॉल नाल्यात गेला की पाच जण उड्या टाकत. आता शाळेत जाऊन आलेली पोरं काठावर हात बांधून उभी राहत, दुसरा बॉल येईल म्हणून. भोवरा मुरमावर खेळताना तोंड वाकडं करी. मग पोरं स्टिक घरी न्यायला लागली, कारण रविवारीही तिकडे सराव असे. एक खुंटी रिकामी झाली, मग तिसरी, मग सहावी. वरची खडूची नावं तशीच होती. काका खोलीचं कुलूप उघडत तेव्हा आत कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलं आहे असं त्यांना वाटे आणि ते उगाच खाकरत.

आठ पोरं गेल्यावर सरांनी भिंत मागितली.

काकांची मुलगी नातीला घेऊन त्यांच्याकडेच राहायची. दवाखान्यात रक्त तपासायचं काम करून थकून यायची. ती म्हणाली, "बाबा, द्या तिला. तिथे गुडघ्याला लागलं तर बघायला डॉक्टर असतो. तुमच्याकडे हळदीचा डबा असतो."  स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकांनी चिठ्ठी लिहिली, आणि "सांभाळून घ्यावे" याच्याखाली या वेळी रेघ ओढली. नात खांद्यावरून वाकून वाचत होती.

"आजोबा, तारीख?"

"घरच्या माणसाला तारीख असते का?"

ती म्हणाली, "बरं," आणि चिठ्ठी घेऊन गेली.

लीगच्या याद्या द्यायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून लीगच्या कचेरीत गेले. एकोणीस नावं सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती. कारकुनाने यादीवर बोट फिरवलं आणि नऊ नावांपुढे फुल्या मारल्या.

"ही शाळेच्या संघात आहेत."

"छे. ती उसनी दिली होती."

कारकुनाने कपाटातून एक फाइल काढली. पारदर्शक पाकिटांत नऊ चिठ्ठ्या, एकीलाही दुमड नाही. मग त्याने नियम वाचून दाखवला. संमतिपत्रावर परतीची तारीख असेल तर खेळाडू त्या दिवसापुरता. तारीख नसेल तर पूर्ण हंगामासाठी.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," काका म्हणाले. नवव्या चिठ्ठीवर ती खालची रेघ होती. कारकून म्हणाला की पहिल्या सामन्याला गोलकीपर धरून अकरा जण उभे राहिले नाहीत, तर मंडळ लीगमधून बाद. आणि बाद मंडळाचं मैदान नगरपालिका परत घेते, हे काकांना त्याने सांगायची गरज नव्हती. त्या जागेवर डोळा ठेवून असलेले लोक थोडे नव्हते.

दहा पोरं उरली होती. गोलकीपर नव्हता. काका तडक टेकडी चढून गेले. तिथल्या मंडळाचा चिटणीस टेलर होता. पंचाला कोंडण्यातला मुख्य आरोपी तोच. वीस वर्षांत काका त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. टेलरने त्यांना पाहून मशीन थांबवलं.

"एक गोलकीपर उसना हवाय," काका म्हणाले.

टेलरने पुढ्यातलं कापड बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी तुमच्याकडेच निघालो होतो. हीच मागणी घेऊन."

"तुम्हीपण?"

"सात. बाजारवाल्यांचे अकरा. त्यांनी तर मंडळाच्या खोलीला कुलूप लावलं परवा." त्याने दाताने दोरा तोडला. "मी माप घेताना बोटभर इकडेतिकडे होऊ देत नाही, काटेकाका. आणि तारीख घालायचं सुचलं नाही मला."

दोघांनी चहा घेतला. भांडायला एवढं जुनं वैर होतं, पण दोघांनाही ते आठवेना.

मग काका शाळेत गेले. फाटकावर पहारेकऱ्याने वहीत नाव, वेळ आणि काम लिहून घेतलं. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"नियम मी केलेला नाही, काका. पण तुमचं मंडळ बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही. उलट ते टिकायलाच हवं." सर खरंच काळजीने बोलत होते आणि त्याचीच काकांना जास्त भीती वाटली. "आम्ही दहा वर्षांखालची मुलं घेत नाही. त्यांना स्टिक धरायला, वाकायला, पळायला कोण शिकवणार? ते तुम्हीच करावं. इतकं चांगलं इथे कुणाला जमत नाही. गोलकीपरचं मी बघतो."

घरी नात अभ्यास करत बसली होती. काकांनी तिला विचारलं, "तिकडे बरं वाटतं का गं?"

तिने जरा विचार केला. "तिकडे बॉल सरळ येतो, आजोबा." ती खरं बोलणारी पोर होती. काका उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पहिला सामना पुलाकडचे विरुद्ध टेकडीवाले. काकांनी पहाटेच फक्कीच्या रेघा मारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एक रेघ वाकडी आली. दहा पोरं मोजे ओढत बसली होती. मैदानाच्या कडेला सात-आठ वर्षांची चिल्लीपिल्ली तुटक्या स्टिकांनी धूळ उडवत होती. शाळेची गाडी आली. तिच्यातून दोन गोलकीपर उतरले. एक टेकडीचा मुलगा, तो टेलरच्या बाजूला गेला. दुसरी भिंत. दोघांच्या पायांत शाळेचे निळे मोजे. सकाळी याच मुलीने काकांच्या हातून दुधाचा पेला घेतला होता.

तिने काकांना चिठ्ठी दिली. छापील होती. एक गोलकीपर उसनी देत आहोत. सांभाळून घ्यावे. काकांचेच शब्द, जसेच्या तसे. खाली तारीख आणि परत करण्याची वेळ, अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्याखाली "मिळाली" अशी एक जागा आणि "परत केली" अशी एक जागा. काकांनी पहिल्या जागी सही केली. न करून सांगतात कुणाला? मैदान वाचलं.

सामना बरोबरीत सुटला. भिंतीने चार गोल अडवले, त्यातला एक तर पालथं पडून. काका टाळ्या वाजवायला उठले आणि मध्येच बसले. शिट्टी झाल्यावर ती हेल्मेट काढत आली, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"आजोबा, तुमच्या मंडळाची बचावफळी फार ढिली आहे हं. लक्ष द्या," ती म्हणाली. मग हात पुढे केला. "चिठ्ठी द्या ना, सही करून. सर थांबलेत."

तुमच्या, म्हणाली ती. काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा अडतीस. सवयीने त्यांनी मिनिटंही लिहिली, "परत केली" याच्यापुढे सही केली आणि आपली नात परत केली. ती गाडीकडे पळाली.

सर गाडीपाशी नव्हते. ते मैदानाच्या कडेला चिल्ल्यापिल्ल्यांजवळ गुडघ्यावर बसले होते आणि एका पोरीला स्टिकवरची पकड बरोबर आहे म्हणून शाबासकी देत होते. ती पकड काकांनी शिकवलेली होती. सरांनी तिला नाव विचारलं, मग वय विचारलं. तिने बोटं दाखवली. आठ.

तीस वर्षं हा माणूस दारोदार फिरून, आयांच्या विनवण्या करून पोरं मैदानावर आणत आला होता. आज तो धावत त्या कडेला गेला आणि ओरडला, "खेळ बंद. चला, घरी जा सगळे. घरी जा म्हणतो ना."

पोरांना वाटलं, काका गंमत करतायत. ती हसली आणि खेळत राहिली.